शेततळ्यातील मासे : खाद्य किती, कधी आणि का?

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड परिसरात सोयाबीन, कपाशी आणि हरभऱ्याला संरक्षित पाणी देण्यासाठी शेततळी झाली आहेत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अनेक जण या पाण्यात कटला, रोहू, मृगळ सोडू लागले. मत्स्यपालनात सर्वाधिक खर्च खाद्यावर होतो. तरीही बहुतेक ठिकाणी खाद्य अंदाजाने टाकले जाते. खाद्य माशाच्या शरीरात नेमके काय करते हे समजले, तर हा खर्च आवाक्यात राहतो आणि मरही टळते.

कार्प माशाला जठर नसते

कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस या माशांना आपल्यासारखे जठर नसते. खाल्लेले अन्न थेट लांब आतड्यात जाते. तिथे साठवायला जागा कमी आणि आम्लही नसते. एकाच वेळी भरपूर खाद्य दिल्यास बरेचसे अर्धवट पचून विष्ठेतून बाहेर पडते. म्हणून दिवसाचे खाद्य दोन ते तीन हप्त्यांत विभागून द्यावे.

प्लॅस्टिक अस्तराचा फरक

खडकपूर्णासारख्या मोठ्या जलाशयात मासे प्लवंग, किडे, तळातील सेंद्रिय पदार्थ यांवर वाढतात. अस्तराच्या शेततळ्यात मातीचा तळ नाही, त्यामुळे नैसर्गिक अन्न कमी मिळते. तळाशी चरणाऱ्या मृगळाला याचा जास्त फटका बसतो. अशा तळ्यात नुसता भाताचा कोंडा पुरत नाही. बोटुकली अवस्थेत सुमारे ३० टक्के, पुढे २५ ते २८ टक्के प्रथिने असलेले, खनिजे व जीवनसत्त्वे मिसळलेले खाद्य द्यावे.

घरच्या घटकांबाबत दक्षता

- कच्चे सोयाबीन भरडून देऊ नये. त्यातील काही घटक प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवतात आणि वाढ खुंटते. उष्णतेने हे घटक निकामी होतात, म्हणून नीट भाजलेले सोयाबीन किंवा डीओसी वापरावी.
- सरकी पेंडीत गॉसिपॉल असते. तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे.
- बुरशी आलेली शेंगदाणा पेंड पूर्ण टाळावी. बुरशीच्या विषाने माशाचे यकृत खराब होते. पोती जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावीत.

पहाटे मासे वर का येतात?

अन्न पचवताना माशाची प्राणवायूची गरज वाढते. तळ्यात मात्र रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही प्राणवायू वापरत असल्याने पहाटे तो सर्वात कमी असतो. संध्याकाळी उशिरा भरपूर खाद्य दिले, तर मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी गाठ पडते. त्यामुळे पहिला हप्ता सकाळी ऊन चढल्यावर ९ ते १० च्या दरम्यान आणि शेवटचा ४ वाजेपर्यंत द्यावा. ढगाळ दिवशी किंवा मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर खाद्य बंद ठेवावे.

प्रथिनांच्या पचनातून अमोनिया तयार होतो आणि मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य कुजले की पाण्यातील अमोनिया आणखी वाढतो. मग माशाच्या रक्तातील अमोनिया बाहेर पडणे अवघड होते, भूक मंदावते आणि रोग लवकर लागतात. पाणी गर्द हिरवे असेल तर दुपारी सामू चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

मात्रा कशी काढावी?

दर १५ दिवसांनी जाळे टाकून काही मासे वजन करून पाहावेत. समजा, ८०० मासे आहेत आणि सरासरी वजन २५० ग्रॅम आहे. एकूण वजन २०० किलो. ३ टक्के दराने रोज ६ किलो खाद्य, म्हणजे तीन हप्त्यांत २-२ किलो. प्रत्यक्षात मर होऊन ६०० मासेच उरले असतील, तर गरज साडेचार किलोचीच आहे. रोजचे दीड किलो म्हणजे महिन्याला ४५ किलो खाद्य पाणी बिघडवण्यात जाते. म्हणून मेलेल्या माशांची नोंद ठेवावी. बोटुकलीला वजनाच्या ५ ते ६ टक्के, मोठ्या माशांना २ ते ३ टक्के हे प्रमाण ठेवावे. खाद्य ट्रेमध्ये किंवा छिद्रे पाडलेल्या पोत्यात टांगून द्यावे. दोन तासांनी शिल्लक दिसल्यास पुढचा हप्ता कमी करावा.

थंडी आणि उन्हाळा

माशाचे शरीर पाण्याच्या तापमानाने चालते. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की पचन मंदावते. तेव्हा मात्रा निम्म्यावर आणावी आणि दुपारी एकदाच द्यावी.

फेब्रुवारीनंतर पिकाला पाणी दिल्याने पातळी उतरते. तळ्याच्या बाजू उताराच्या असल्याने पातळी निम्मी झाली तर पाणी निम्म्याहूनही कमी उरते, मासे मात्र तेवढेच असतात. या काळात खाद्य वाढवून वजन गाठण्याचा प्रयत्न करू नये. पाणी उतरण्याआधीच मोठे मासे विकून गर्दी कमी करावी. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य थांबवावे. आतडे रिकामे असलेला मासा वाहतूक चांगली सहन करतो आणि जास्त वेळ ताजा राहतो.