पाठीवरचे भावंड

पहिल्यांदा आई होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत ‘पहिलटकरीण’ असा खास शब्द आहे. दुसऱ्यांदा आई होणारीसाठी तसा रूढ शब्द नाही. भाषेतील ही उणीव म्हणजे घरातील वागणुकीचेच प्रतिबिंब म्हणावे लागेल. पहिलटकरणीचे डोहाळे पुरविले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, बाळंतपणासाठी तिची माहेरी पाठवणी होते आणि सव्वा महिना तिला गार पाण्यात हात घालू दिला जात नाही. दुसऱ्या खेपेस यांपैकी बहुतेक गोष्टी गळून पडतात. पहिले बाळंतपण माहेरचे, दुसरे सासरचे, असा अनेक घरांचा रिवाज. आणि सासरी बाळंतीण झाली तरी सून ही सूनच असते. ‘एकदा निभावले आहे, आता त्यात काय नवल’, एवढ्या एका वाक्यात तिचे सारे कौतुक आटोपते.

वस्तुतः परीक्षेची वेळ हीच असते. पहिल्या वेळी तिच्यावर एका जिवाची जबाबदारी असते, दुसऱ्या वेळी एक पोटात आणि एक कडेवर. पहिल्या वेळी तिला झोप आली तर ती झोपू शकते. दुसऱ्या वेळी थोरले जागे असेल तर तिला जागे राहावेच लागते. आणि या सगळ्या उलथापालथीचा अर्थ ज्याला कोणीच समजावून सांगत नाही, असा घरातील एकच माणूस असतो. तो म्हणजे दोन-तीन वर्षांचे थोरले मूल.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच ठळकपणे दिसतो. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा कापसाचा. दिवाळीपासून पुढे संक्रांत उलटेपर्यंत वेचणी चालते आणि वेचणी हे मुख्यतः बायकांचे काम. पहिलटकरीण माहेरी गेलेली असली तर त्या वर्षीच्या वेचणीतून तिची सुटका होते. दुसऱ्या वेळची गर्भारशी मात्र सासरीच असते. साहजिकच ती शेतात जाणाऱ्यांच्या हिशेबात धरली जाते. पुसद-दिग्रसकडील तांडा असो, मारेगाव-झरी जामणीकडील कोलामांचा पोड असो, की राळेगाव-बाभूळगावकडील कुणब्याचे घर असो, थोरल्याला धुऱ्यावरच्या झाडाखाली बसवून ओटीत कापूस भरणारी आई तेथे अपरिचित नाही.

नोकरदारांच्या घरात या ओढाताणीचे रूप निराळे असते, एवढेच. पत्नी घाटंजी तालुक्यातील एखाद्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पती यवतमाळला कारकून आणि थोरले मूल दारव्ह्याला आजीपाशी, असे त्रिस्थळी संसार या जिल्ह्यात पुष्कळ चालतात. दुसरे बाळ येते तेव्हा या तीन ठिकाणांत चौथ्या जिवाची सोय कोठे लावायची, हा प्रश्न बदलीच्या अर्जाने सुटणारा नसतो.

दुसऱ्या मुलाविषयी या देशात विचार झाला नाही, असे नाही. तो पुष्कळ झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा त्यांची हेटाळणी झाली. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर उमटला आणि त्यापाठोपाठ दोन अपत्यांच्या कुटुंबाची घोषणा घरोघरी पोहोचली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या शस्त्रक्रियेची तरतूद असलेले विधेयकही संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीत शिरणाऱ्यास लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आवश्यक केले. या साऱ्याचा आणि त्याहूनही स्त्रीशिक्षणाचा परिणाम दिसून आला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका आढळला. म्हणजे सरासरी कुटुंब आता दोन मुलांपर्यंतही पोहोचत नाही.

परंतु या दीर्घ खटाटोपात दुसऱ्या मुलाविषयी दोनच प्रश्न विचारले गेले : ते केव्हा व्हावे आणि ते शेवटचे असावे की नाही. ते येते त्या वर्षभरात घरात काय घडते, हा तिसरा प्रश्न घरावर, म्हणजे पर्यायाने घरातील स्त्रीवर, सोडून देण्यात आला. मोठ्या कुटुंबाच्या काळात त्याची झळ तितकी जाणवत नसे. सात-आठ भावंडांच्या घरात पाळणा दर दोन-अडीच वर्षांनी हलत असे. शेजारी चुलत भावंडांचा गोतावळा असे. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटी वाढत. ती रीत आदर्श होती असे मुळीच नाही, कारण त्या थोरल्या बहिणीची शाळा त्याच कडेवर संपत असे. मात्र नव्या भावंडाचे येणे ही तेथे नित्याची बाब होती. आज ती प्रत्येक थोरल्याच्या आयुष्यात एकदाच घडणारी घटना झाली आहे. तिला तोंड देताना त्याच्याजवळ ना अनुभव असतो, ना सोबती.

या घटनेची पहिली किंमत शरीराने मोजावी लागते. डॉ. सिसिली विल्यम्स या तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करीत असताना त्यांना अंगावर सूज असलेली, त्वचा सोलवटलेली, केसांचा रंग उडालेली लहान मुले वारंवार आढळली. १९३३ साली त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये त्याला तेथील लोकांच्याच भाषेतील ‘क्वाशिऑर्कर’ हे नाव दिले. पुढचे बाळ आले म्हणजे पदच्युत झालेल्या मुलाला जडणारा आजार, असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो. नवे बाळ येताच थोरल्याचे अंगावरचे दूध तुटते आणि त्याच्या जागी नुसती पेज येते, हे तेथील आयांनी डॉक्टरांच्या आधीच ओळखले होते. त्या आजाराच्या कारणांविषयी पुढे पुष्कळ संशोधन झाले. पण नावात साठविलेले ते निरीक्षण खोटे ठरले नाही. दिवस गेल्याचे कळताच थोरल्याचे दूध एकाएकी तोडणे आणि भाकरीचा तुकडा हातात देऊन त्याला ‘मोठा’ ठरविणे, हा प्रकार विदर्भातील खेड्यांनाही परका नाही.

म्हणूनच पाळणा लांबविण्याच्या सल्ल्याकडे केवळ लोकसंख्येच्या दृष्टीने पाहणे चूक आहे. एका बाळाच्या जन्मानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. याचा अर्थ दोन मुलांत सुमारे पावणेतीन वर्षांचे अंतर. तेवढ्या अवधीत आईचे रक्त भरून येते आणि थोरले आपल्या हाताने जेवू लागते. तांबी, २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन किंवा ‘छाया’ या गोळ्या ही साधने त्यासाठीच आहेत. ती वापरण्याचा निर्णय पुष्कळदा सासूच्या किंवा नवऱ्याच्या संमतीसाठी अडून राहतो, हे दुर्दैव होय.

दुसरी किंमत मनाची. ध्रुवाची कथा मराठी मुलांना पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणून सांगितली जाते. बापाच्या मांडीवरून उठविलेले ते मूल अढळपद शोधण्यासाठी रानात गेले. त्याच्या तपाचे कौतुक होते. पण ते गेले मांडी हिरावली म्हणून, हे कथा सांगणारे विसरतात. आल्फ्रेड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाने पहिल्या मुलाच्या या अवस्थेला सिंहासन गमावलेल्या राजाचीच उपमा दिली होती. इंग्लंडमध्ये ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या अभ्यासिकांनी केंब्रिज परिसरातील चाळीस कुटुंबे दुसऱ्या बाळाच्या आगमनापूर्वीपासून न्याहाळली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आढळणारे चित्र कोणत्याही मराठी घराला ओळखीचे वाटेल. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते, झोप मोडते, आई बाळाला घेऊन बसली की नेमका त्याच वेळी हट्ट सुरू होतो. परंतु त्याच अभ्यासात एक दिलासाही मिळाला. ज्या आया थोरल्याशी बाळाविषयी बोलत राहिल्या, ‘ते का रडत असेल, त्याला काय हवे असेल’ असे त्यालाच विचारीत राहिल्या, त्या घरांतील भावंडांचे सूत पुढे वर्षभराने अधिक चांगले जमलेले आढळले. यासाठी पैसा लागत नाही. मात्र आईला दोन शब्द बोलण्याइतका श्वास घ्यायला सवड हवी, आणि ती देणे इतरांच्या हाती असते.

नेमक्या याच सुमारास बहुतेक घरे थोरल्याला आजोळी पाठवतात. हेतू चांगला असतो. बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि पोराचे लाड व्हावेत. पण मुलाच्या नजरेने पाहिले तर त्याला एका संध्याकाळी एस.टी.त बसवून दूर नेले जाते आणि महिन्याभराने ते परतते तेव्हा त्याच्या जागी दुसरेच कोणी निजलेले असते. आजोळच न्यायचे असेल तर आजीलाच घरी आणणे बरे. तेही शक्य नसेल तर निदान बाळाला पहिल्यांदा पाहण्याचा मान थोरल्याला मिळावा आणि बारशाच्या दिवशी त्याच्याही अंगावर नवे कपडे असावेत.

थोरली मुलगी असेल तर प्रश्नाला आणखी एक पदर असतो. ‘हिच्या पाठीवर भाऊ आला’ असे म्हणून तिचे कौतुक होते. बहीण आली तर ते कौतुकही आटते. पाठीवर कोण यावे हे त्या मुलीच्या हाती नसते, तरी यशापयश तिच्या नावावर मांडले जाते. सरकारी योजनाही या मनोवृत्तीपासून सर्वस्वी मुक्त राहिलेल्या नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांच्या लाभाचा हक्क दिला. केवळ नियमित सरकारी नोकरी असलेल्या अथवा अन्य कायद्याने तसा लाभ मिळणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले. पण २०१७ पासूनची प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या अपत्यापुरती आखली गेली, तीही पाच हजार रुपयांची. २०२२ पासून दुसऱ्या खेपेस सहा हजार रुपये मिळू लागले, तेही दुसरे अपत्य मुलगी असेल तरच. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा उद्देश स्तुत्यच आहे. तथापि बाळंतिणीचा अशक्तपणा बाळाच्या लिंगावरून कमीअधिक होत नाही. दुसरा मुलगा झाला म्हणून तिला वेचणीला लवकर जावे लागत असेल, तर कायद्यातील ‘प्रत्येक’ या शब्दाला अर्थ उरत नाही. याउलट राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून राबविल्या गेलेल्या अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातेला दिवसातून एक चौरस जेवण देताना हे कितवे बाळंतपण, असा प्रश्न विचारलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याचा आदिवासी भागही त्या क्षेत्रात मोडतो. जे केळापूर तालुक्यातील अंगणवाडीला साधते, ते इतरत्र अशक्य का असावे?

नोकरदार स्त्रीला १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. २०१८ मध्ये राज्याने १८० दिवसांची बालसंगोपन रजाही दिली. पुरुषाला मात्र ती पत्नी हयात नसल्यास किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असल्यासच मिळावी, अशी तिची रचना करण्यात आली. मूल सांभाळणे हे पुरुषाचे काम केवळ आपत्तीत, असाच याचा अर्थ होतो. खरे पाहता दुसऱ्या बाळाच्या वेळी बापाची गरज सर्वांत अधिक असते. बाळाला पाजणे आईलाच शक्य आहे. थोरल्याला आंघोळ घालणे, भरविणे, शाळेत पोहोचविणे, रात्री कुशीत घेऊन निजविणे यांपैकी एकही गोष्ट बापाला अशक्य नाही. जो बाप बाळ येण्याच्या दोन-चार महिने आधीपासून ही कामे हाती घेतो, त्याच्या मुलाला आईचा हात अवचित सुटल्यासारखा वाटत नाही. संध्याकाळी कचेरीतून परस्पर चौकात रेंगाळणाऱ्या सुशिक्षितांनी तेवढे महिने थेट घर गाठले, तरी पुष्कळ साधेल.

गावपातळीवरही एक साधी गोष्ट करता येण्याजोगी आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत तिने थोरल्याविषयी दोन प्रश्न विचारावेत : आज ते काय जेवले आणि रात्री ते कोणाजवळ निजते? अंगणवाडी सेविकेने त्या घरातील थोरल्याचे वजन सहा महिने विशेष लक्ष देऊन नोंदवावे. अर्थात, हे वाढीव काम या तुटपुंज्या मानधनावरील स्त्रियांवर फुकट लादले जाऊ नये.

धाकटे बाळ काहीही गमावून येत नाही. त्याने पाहिलेले जगच दोघांचे असते. गमावण्याची भीती थोरल्याला असते आणि थकण्याची पाळी आईवर. त्या दोघांची सोय आधी लागली, तर पाठीवर आलेले भावंड पाठीवरचे ओझे वाटत नाही. जन्मभराची सोबत वाटते.