घाट चढतो पकडीवर, उतरतो ब्रेकवर



आपल्या जिल्ह्यातली यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी पुष्कळांच्या आठवणीत असेल. तिचे १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ साली काढले आणि डिझेल इंजिन आले. जुने काढून नवे आणणे हा एक मार्ग. जुनेच सुधारून घेणे हा दुसरा. रेल्वेने दुसराही मार्ग धरला. ट्रॅक्टर बाळगणाऱ्या घराने तो समजून घ्यावा असा आहे.

वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने बनू लागली. ताकद २६०० अश्वशक्ती. पतियाळा येथे १९८१ साली स्थापन झालेल्या कारखान्यात पुढे अशी जुनी इंजिने पार उघडून नव्याने बांधली गेली. सुधारित टर्बोचार्जरमुळे सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरता आली, इंधनाचे पंप बदलले, आणि ताकद ३१०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

पण घाट नुसत्या अश्वशक्तीने चढत नाही. गोव्यातील कुळे ते कर्नाटकातील कॅसलरॉक हा दूधसागरजवळचा रेल्वेघाट घ्या. तेथे ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. म्हणजे दर टन वजन सुमारे २७ किलोच्या जोराने मागे ओढते. २००० टनांच्या मालगाडीला हा ओढ ५४ टनांचा झाला! एकट्या इंजिनाची चाके तेथे जागीच फिरतील. म्हणून मालगाडीला पुढे आणि मागेही डिझेल इंजिने जोडून ती वर चढवीत.

याच कुळातले, खास मालगाडीसाठी बनवलेले डब्ल्यूडीजी-३ए हे इंजिन पाहा. त्याचे वजन सुमारे ११३ टनांऐवजी १२३ टन ठेवले, म्हणजे रुळावर पकड वाढली. गिअरही बदलला. वेग ताशी १२० वरून १०० किलोमीटरवर आला, पण ओढण्याचा जोर वाढला.

उतार तर चढापेक्षा अवघड. तेथे चाके फिरवणाऱ्या मोटारींनाच वीज तयार करायला लावतात आणि ती वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यामुळे गाडी आवरली जाते आणि ब्रेकचे ठोकळे तापत नाहीत.

आता आपला ट्रॅक्टर. घाटंजीच्या बाजारात कापूस न्यायचा म्हणून काही जण पंपाचे डिझेल वाढवून घेतात आणि ट्रॉली जास्त भरतात. ताकद वाढली, पण ब्रेक, क्लच आणि टायर तेच राहिले! तेव्हा पुढील गोष्टी पाळा :

१. झिजलेले टायर बदला. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे पुढे वजने लावा.

२. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पायडले कडीने जोडून ठेवा.

३. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल कधीही करू नका.

४. ट्रॉलीवर माणसे बसवू नका.

ओझे वाढवण्याआधी ते थांबवण्याची सोय करा. एक फेरी जास्त झाली तरी चालेल. घरचा माणूस सुखरूप परत आला पाहिजे.