दमा आणि शरीराचे वजन

खेळाच्या तासाची घंटा झाली की सारी मुले मैदानाकडे धाव घेतात. परंतु एखादा विद्यार्थी मात्र कडेच्या कट्ट्यावर बसून राहतो. "त्याला दमा आहे, तो खेळत नाही," असे त्याचे सोबती सांगतात. कित्येकदा तो अंगानेही थोडा स्थूल असतो. मग कुणी त्याला आळशी म्हणतो, कुणी खादाड म्हणून हसतो. दमा आणि वजन यांचा संबंध नीट समजून घेतला, तर हसणाऱ्याला आपल्या हसण्याची लाज वाटेल.

प्रथम दम्याचे स्वरूप पाहू. आपण घेतलेली हवा श्वासनलिकेच्या अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या शाखांतून फुप्फुसांत पोचते. दमा असलेल्या मुलाच्या या शाखांना आतून सूज असते. धूळ, धूर, परागकण, ओलसर भिंतीवरील बुरशी किंवा साधे पडसे एवढे निमित्तही पुरते. शाखांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. मग छातीतून शिटीसारखा आवाज येतो, खोकल्याची उबळ येते व धाप लागते.

यात वजनाचा प्रश्न कोठे आला? श्वास घेताना छाती व पोट यांमधील श्वासपटल खाली सरकते, म्हणून फुप्फुसांना फुलावयास जागा मिळते. पोटावर व छातीवर चरबीचे थर चढले म्हणजे या हालचालीस अडथळा होतो. लोहाराचा भाता पुरता उघडू न दिल्यास वारा कमी पडावा, तशीच ही गत होय. शिवाय चरबी हा केवळ निर्जीव साठा नव्हे. तिच्यातून काही द्रव्ये रक्तात मिसळतात आणि ती शरीरातील दाह वाढवितात. स्थूल मुलांच्या दम्यावर नेहमीची औषधे कित्येकदा कमी प्रभावी ठरतात, असेही वैद्यांना आढळले आहे.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी २ ते १७ वर्षे वयाच्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थूल मुलांना दमा जडण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे योग्य वजनाच्या मुलांच्या एखाद्या समूहात १०० जणांना दमा जडला असे मानले, तर तेवढ्याच मोठ्या स्थूल मुलांच्या समूहात तो सुमारे १२६ जणांना जडेल. यावरून दुसरी गोष्टही ध्यानी येते. सडपातळ मुलांनाही दमा होतो; आनुवंशिकता, हवा, धूर अशी त्याची इतर कारणे आहेत. वजन हे त्यांपैकी एक. मात्र ते पुष्कळसे आपल्या हाती असलेले आहे.

वजन योग्य आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १.४० मीटर उंचीच्या मुलाचे वजन ४५ किलोग्रॅम असेल, तर उत्तर सुमारे २३ येते. प्रौढाच्या बाबतीत हा आकडा फारसा चिंतेचा नसला, तरी दहा वर्षांच्या मुलासाठी तो बराच अधिक होय. म्हणून मुलांचा आकडा त्यांचे वय व मुलगा की मुलगी हे पाहून डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. आपल्याकडे गुटगुटीत मुलाचे कौतुक फार. परंतु गुटगुटीतपणा म्हणजे आरोग्य नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. धाप लागेल या भीतीने आईवडील मुलाला खेळू देत नाहीत. न खेळल्याने वजन वाढते. वाढलेल्या वजनाने धाप अधिक लागते. हे दुष्टचक्र तोडावयाचे, तर आधी दमा काबूत हवा. डॉक्टरांनी दिलेले श्वासावाटे घ्यावयाचे औषध "सवय लागेल" म्हणून मध्येच सोडू नये. वाढत्या वयात उपासही करू नयेत. गोड पेये व तळलेले पदार्थ कमी करावेत, भाकरी, डाळ, उसळ, भाजी व फळे पोटभर खावीत आणि रोज खेळावे. वजन आहे तेथेच राहिले व उंची वाढली, तरी पुष्कळ साधते.

दमा असलेल्याने खेळूच नये, हा समज खोटा आहे. अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सी यांना दमा होता. तरीही १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉन स्पर्धेत त्यांनी ७२९१ गुणांचा विश्वविक्रम केला.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या खेळाच्या तासाला कट्ट्यावरील त्या सोबत्याला हाक मारा. आरंभी काही वेळ त्याच्याबरोबर सावकाश चाला, मग हळूहळू धावा; धाप लागली तर त्याला थांबू द्या, औषध घेऊ द्या आणि गुरुजींना कळवा. त्याचा दमा तुम्ही बरा करू शकणार नाही. पण त्याला आपल्या डावात भिडू म्हणून घेणे तुमच्या हाती आहे. त्याच्या औषधाइतकीच त्या हाकेचीही त्याला गरज आहे.