हैदराबादहून काय आणायचं?

हैदराबादला जायचं ठरलं की घरून, शेजारून, मैत्रिणींकडून एकच फर्माईश येते : "मोती आण हं!" ती पुरी करणं अवघड नाही. चारमिनारजवळ पत्थरगट्टीला मोत्यांच्या दुकानांची रांगच आहे. पण हैदराबादला समुद्र कुठे आहे? मग हे मोती हैदराबादी कसे?

पूर्वी ते इराणच्या आखातातून यायचे. 'बसरा मोती' हे नाव तिथलंच. आज बाजारात दिसणारे बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्यात वाढवलेले असतात. हैदराबादचं आहे ते त्यांच्यावरचं काम : भोक पाडणं, उकळून आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून उजळवणं, उन्हात वाळवणं, आकार आणि रंग बघून निवडणं, ओवणं. निजामाच्या काळात या कामाला आश्रय मिळाला आणि ते कसब इथे रुजलं. म्हणून मला वाटतं, प्रवासातून वस्तू आणताना 'ही कुठली?' एवढंच विचारून भागत नाही. 'हिला हात कुणाचा लागला?' हेही विचारायला हवं.

बिदरीचंच बघा. काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी, अशी ही वस्तू हैदराबादची म्हणून विकली जाते, पण नावातच बिदर आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावला की जस्त काळं पडतं, चांदी मात्र तशीच चमकत राहते. बिदर आज कर्नाटकात आहे. 1956 पर्यंत ते हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होतं. आपला मराठवाडाही तसाच. औरंगाबादची हिमरू शाल त्याच मुलखातली! आपल्याला 'परक्या' वाटणाऱ्या या बाजाराशी आपलं असं जुनं नातं आहे. इथल्या दखनीतला 'नक्को' ऐकला की ते कानालाही कळतं.

आता थोडं कामाचं. पोचमपल्ली इकत घेताना कापड उलटून बघा. इकतात विणण्याआधीच सुताला गाठी बांधून रंग देतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते आणि तिच्या कडा जराशा पसरलेल्या असतात. उलटी बाजू फिकट आणि कडा अगदी रेखीव असतील, तर ते बहुधा छापील कापड. मोती खरा असेल तर दातावर हलकेच घासल्यावर किंचित खरखरीत लागतो. काचेचा गुळगुळीत लागतो. (आधी दुकानदाराला विचारा, नाहीतर पंचाईत!)

लाड बाजारात काचेच्या बांगड्या ढिगांनी मिळतात, पण तिथली खासियत लाखेच्या बांगड्या. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, मळायची, वळायची आणि ती गरम असतानाच एकेक खडा बसवायचा, असं हे काम. 2024 मध्ये या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळतं, पण कारागिराच्या हातात किती पैसे पडतात ते त्याने ठरत नाही.

इथे आपल्या घासाघिशीचा प्रश्न येतो. भाव करू नये असं मी म्हणत नाही; पर्यटक दिसला की किंमत चढते, हे आपल्याला माहीत आहे. पण यंत्रावर हजारोंनी निघणाऱ्या वस्तूचा भाव पाडणं वेगळं आणि बोटं भाजून घडवलेल्या वस्तूचा पाडणं वेगळं. दुकानदार आपला नफा सहसा सोडत नाही. कमी केलेले पैसे बऱ्याचदा मागे, कारागिराच्या मजुरीतून जातात. मजुरी परवडली नाही की पुढची पिढी ते काम शिकत नाही, आणि मग दुकानात फक्त छापील माल उरतो.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. दहा जणांसाठी दहा चाव्यांच्या साखळ्या आणण्यापेक्षा घरासाठी हाताने केलेली एकच वस्तू आणावी आणि ती कशी बनते ते दुकानात विचारून घ्यावं. उरलेल्या नऊ जणांना? उस्मानिया बिस्किटं. ती सगळ्यांनाच आवडतात.