आतड्यातला कर्करोग यकृतात का उतरतो

शौचावाटे रक्त गेले की नालासोपाऱ्याजवळच्या गासपासून गडचिरोलीपर्यंत घरोघरी एकच निदान ठरलेले असते: मूळव्याध. मग मलम, काढा, तिखट बंद. तेवढ्यात सहा महिने सहज निघून जातात, आणि आतड्यात गाठ असेल तर ती तेवढी खोल जाते.

मोठ्या आतड्यातून आणि गुदाशयाच्या वरच्या भागातून येणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाची शीर ते आधी यकृतात नेते. त्यामुळे गाठीतून सुटलेल्या पेशी बहुधा तिथेच अडकतात आणि वाढतात. गुदाशयाच्या अगदी खालच्या शिरांची वाट वेगळी, म्हणून तिथला रोग यकृत टाळून फुप्फुसातही जाऊ शकतो. निदान होते तेव्हाच सुमारे पाचांतल्या एका रुग्णाच्या यकृतात गाठी असतात.

धोका कुणाला जास्त, हे बरेचसे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात लिहिलेले असते. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत रोग आढळला, रक्तवाहिन्यांत किंवा मज्जातंतूंभोवती पेशी शिरल्या का, पेशींचे रूप किती बिघडले आहे, हे त्यात पाहावे. शस्त्रक्रियेत काढलेल्या किमान 12 ग्रंथी तपासलेल्या असाव्यात, नाहीतर रोगाच्या टप्प्याचा अंदाज कच्चा राहतो. शस्त्रक्रियेआधी रक्तातला सीईए हा कर्करोगसूचक घटक वाढलेला असणे, गाठीने आतडे बंद पडणे किंवा फुटणे, याही धोक्याच्या खुणा. केरास आणि बीरॅफ या जनुकांतल्या बदलांवर औषधांची निवड आणि रोगाची चाल बरीच अवलंबून असते. चरबी साठलेल्या यकृतात रोग अधिक पसरतो का, यावर मात्र अभ्यासांचे एकमत नाही.

तंबाखू, दारू, लठ्ठपणा यांनी मुळात आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचाही त्यात समावेश केला: रोज 50 ग्रॅम सॉसेज-सलामी खाल्ल्यास धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो.

हा म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्याकडे विशेष घातक आहे. परळच्या टाटा रुग्णालयातल्या 800 रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय 47 च्या आसपास निघाले. म्हणजे घर चालवणारी, रोज लोकल पकडणारी माणसे.

यकृतात रोग गेला म्हणजे सारे संपले, हेही खरे नाही. निरोगी यकृताचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग काढला तरी उरलेले पुन्हा वाढते. ज्यांच्या यकृतातल्या गाठी पूर्ण काढता येतात, त्यांच्यापैकी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणून केमोथेरपी सुरू होण्याआधीच यकृताच्या शल्यचिकित्सकाचे मत मागावे.

गाठीची जात आपल्या हाती नाही, तपासणीची वेळ आहे. शौचातून रक्त, शौचाची बदललेली सवय किंवा कारण नसताना पंडुरोग दिसला तर वय न पाहता दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षीच, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा.