लेटरहेडवरचा नुक्ता कुठे गेला?

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर अत्तराची पेढी चालविणारे एक बांधव मध्यंतरी आमच्या कचेरीत आले. हातात नव्या लेटरहेडचा गठ्ठा होता. पेढीच्या नावात 'खुशबू' हा शब्द आहे आणि तो कागदाच्या माथ्यावर नस्तालीक वळणात, हिरव्या रंगात छापलेला. त्यांनी एक कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "वाचा बरं काय लिहिलंय ते." आम्ही वाचू लागलो आणि अडखळलो. 'खे'वरचा नुक्ता जवळजवळ पुसला गेला होता, 'शीन'चे तीन नुक्ते मिळून एकच डाग झाला होता आणि 'बे'खालचा नुक्ता शाईच्या धुरकट कडेत बुडाला होता. पाच नुक्त्यांपैकी धड एकही नाही. दुबईच्या ज्या खरेदीदाराला या कागदावर दरपत्रक गेले, त्याने फोन करून विचारले म्हणे, "पेढीचं नाव बदललं की काय?"

ऑर्डर गेली नाही, अल्लाहची मेहरबानी. पण हजार कागद वाया गेले आणि शरमिंदा व्हावे लागले ते वेगळेच. त्यांनी डीटीपीवाल्याला जाब विचारला, त्याने छापखान्याकडे बोट दाखविले, छापखानेवाल्याने वर्डच्या फाइलीकडे. आम्ही चौकशी केली तेव्हा तिघांचेही थोडेथोडे खरे निघाले. अशी तक्रार घेऊन येणारे हे पहिलेच बांधव नव्हेत. म्हणून चित्राची फाइल वर्डसारख्या कचेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की तिचे काय होते, ते आज जरा तपशिलाने सांगावे म्हणतो.

घडले ते असे. डीटीपीवाल्याने नाव कोरल ड्रॉमध्ये सुबक तयार केले होते. पेढीवर मुलगा संगणक चालवतो. पत्रे, बिले, दरपत्रके तो वर्डमध्येच करतो. त्याने लोगो मागितला. डीटीपीवाल्याने व्हॉट्सॲपवर जेपीईजी फोटो पाठवला. मुलाने तो वर्डमध्ये घातला, कोपऱ्याला धरून कागदभर ओढला आणि तीच वर्डची फाइल छापखान्यात दिली. यात लबाडी कोणाचीच नाही. तरी नुक्ता गेला.

चौकडीचा कागद आणि खाका

संगणकातली चित्रे मुळात दोन जातींची असतात. आमच्या विणकर बांधवांना हे सांगायला फार वेळ लागू नये. हिमरू किंवा जॅकार्डची नक्षी चौकडीच्या कागदावर उतरवतात, एकेक घर भरून. फोटोची जात तीच आहे. घरे मोजलेली असतात, त्यांना संगणकवाले पिक्सेल म्हणतात. नक्षी मोठी केली म्हणून नवी घरे येत नाहीत, आहे तेच घर मोठे होते. जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ, बीएमपी, टिफ या सगळ्या फाइली या जातीच्या.

दुसरी जात खाक्याची. सुतार किंवा जाळी कोरणारा कारागीर जसा माप धरून चालतो, इथून इथपर्यंत रेघ, इथे एवढा कंस, तशी ही फाइल असते. तिच्यात ठिपके नसतात, मापे असतात. व्हिजिटिंग कार्डावर छापा की दुकानाच्या पाटीवर, धार तीच राहते. कोरलची सीडीआर, ईपीएस, ईएमएफ, एसव्हीजी या त्या जातीच्या फाइली. नाव, मोहर, खत्ताती यांची मूळ फाइल याच जातीची असली पाहिजे. पण वर्ड नेमका इथेच अडतो. फोटोच्या जातीची बहुतेक चित्रे तो बिनतक्रार घेतो, खाक्याच्या जातीची मोजकीच.

सीडीआर वर्डमध्ये थेट जात नाही. कोरलमधून कॉपी करून वर्डमध्ये चिकटवले तर त्या संगणकावर सारे ठीक दिसते. पण तीच फाइल कोरल नसलेल्या संगणकावर नेली की हाती नुसती वरवरची छबी उरते. हा प्रकार आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की 'कॉपी-पेस्ट करू नका, चित्र इन्सर्टमधूनच घाला' असे डीटीपीच्या दुकानांत पाटीवर लिहून लावावे असे वाटते.

ईपीएसची हकिगत

जुन्या डीटीपीवाल्यांची सवय ईपीएसची. तिला कारण आहे. कातिबांचा काळ सरत आला तेव्हा, १९९४ मध्ये, दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज बाजारात आणले. त्यात नूरी नस्तालीक होते. मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या खत्तातीवरून १९८१ मध्ये तयार झालेल्या या वळणात हजारो जोडाकार आहेत. उर्दू छपाईचे चित्रच त्याने पालटले. पण जुन्या इनपेजची अक्षरांची सांकेतिक पद्धत त्याची स्वतःची होती. तिथला मजकूर उचलून वर्डमध्ये टाकला की भलतीच चिन्हे उमटत. मग उपाय एकच. मजकुराचे चित्र करायचे, इनपेजमधून ईपीएस काढायची, कोरलमध्ये न्यायची, सजवायची आणि पुन्हा ईपीएस करून गिऱ्हाइकाला द्यायची. अनेक पेढ्यांच्या जुन्या सीड्यांमध्ये आजही लोगोची फक्त ईपीएस पडून आहे.

वर्ड एकेकाळी ही फाइल घेत असे, तेही अर्ध्या मनाने. ईपीएसच्या पोटात खरा खाका असतो आणि वर एक ओबडधोबड नमुना. पडद्यावर तो नमुना दिसे. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणणारा असला तर खरा खाका छापला जाई, नसला तर तोच नमुना छापला जाई. दुकानातल्या साध्या प्रिंटरवर अक्षर फाटके आणि छापखान्याच्या महागड्या प्रिंटरवर सुरेख, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांना त्याचे कारण आता कळेल.

पुढे तेही दार बंद झाले. पोस्टस्क्रिप्ट ही संगणकाची एक भाषा आहे, म्हणजे ईपीएस हे चित्र असले तरी आतून तो एक छोटा प्रोग्रामच असतो. हे हेरून चोरट्यांनी अशा फाइलींत संगणकात शिरण्याची यंत्रणा दडवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१७ च्या सुरक्षा सुधारणेत ऑफिसमधली ईपीएसची सोय बंद केली आणि मे २०१८ पासून ती काढूनच टाकली. तेव्हा आपली जुनी ईपीएस नव्या वर्डमध्ये जात नसेल तर फाइल खराब झाली असे समजून फेकू नका. ती कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडते आणि तिथून दुसऱ्या रूपात काढता येते.

ती रूपे दोन. एक ईएमएफ, जी विंडोजवरच्या जुन्या-नव्या सर्व वर्डमध्ये चालते. मात्र डीटीपीवाल्याने आधी अक्षरांचे कर्व्ह करायला हवेत. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबून हे होते. नाहीतर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे आपले नाव दुसऱ्याच वळणात उमटेल. दुसरे रूप एसव्हीजी. हे ऑफिस २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये घालता येते. वर्ड त्याच्यासोबत गुपचूप एक पीएनजी प्रतही फाइलीत ठेवतो, त्यामुळे जुन्या वर्डवाल्यालाही काहीतरी दिसते. ज्यांच्याकडे नुसती सीडीआर आहे आणि कोरल नाही, त्यांनी लिबरऑफिसचे ड्रॉ वापरून पाहावे. ते मोफत आहे आणि २०१२ पासून सीडीआर उघडते. अगदी नव्या कोरलची फाइल तिथे कधी कधी बिघडलेली दिसते, एवढे ध्यानात ठेवावे.

नुक्ता कसा मरतो

आता जेपीईजीकडे येऊ, कारण अत्तरवाल्या बांधवांचे नुकसान तिनेच केले. ही पद्धत १९९२ साली ठरली ती छायाचित्रांसाठी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहज न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. आकाश, चेहरा, कापड यांत हे खपते. पण पांढऱ्यावर काळी अक्षरे असली की धारेभोवती धूळ उडाल्यासारखे दिसते. देवनागरीची जाड रेघ हे सोसते. उर्दूत मात्र 'बे' आणि 'पे' यांत दोन नुक्त्यांचा फरक, 'दुआ' आणि 'दगा' यांत एकाच नुक्त्याचा. लहान चित्रात तो नुक्ता तीन-चार ठिपक्यांचा असतो. तो त्या धुळीत गेला की शब्दच गेला. शिवाय जेपीईजी उघडून फेरफार करून पुन्हा जतन केली की दर खेपेस आणखी थोडा बारकावा जातो. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेले चित्र आणखी दाबतो. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. एवढी एक गोष्ट केली असती तरी अर्धे नुकसान टळले असते.

हिशेबही पाहा. मुलाच्या हाती आलेले चित्र चारशे ठिपके रुंद होते. ते त्याने सात इंच ओढले. म्हणजे इंचाला सत्तावन्न ठिपके. छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे सात इंचांसाठी २,१०० ठिपके हवे होते. वर्ड ओढू देतो, अडवत नाही, आणि पडद्यावर फारसे वाईटही दिसत नाही.

याच्या उलटही घडते. मोठे, चांगले चित्र घातले तरी फाइल जतन करताना वर्ड स्वतःहून ते लहान करू शकतो. बऱ्याच आवृत्त्यांमध्ये ठरलेले माप इंचाला २२० ठिपके असे आहे. हे टाळायचे तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असे जाऊन 'इमेज साइझ अँड क्वालिटी'खाली 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' यावर खूण करावी, आणि ती चित्र घालण्यापूर्वी करावी. एकदा दाबून जतन झालेले परत येत नाही.

लोगोभोवती पांढरा चौकोन का येतो, असेही विचारले जाते. जेपीईजीत पारदर्शकता नाही, म्हणून. वर्डमधल्या अवजाराने एक रंग पारदर्शक करता येतो, पण जेपीईजीच्या धारेवरची धूळ तशीच राहते आणि अक्षराला किनार लागल्यासारखे दिसते. ठिपक्यांचीच फाइल घ्यायची असेल तर पीएनजी घ्यावी. ती बारकावा टाकत नाही आणि पारदर्शकही असते. जीआयएफ २५६ रंगांतच अडते. बीएमपी आणि टिफ चालतात, पण फार जड होतात. ए-फोर आकाराचे रंगीत चित्र ३०० ठिपक्यांनी बीएमपीत ठेवले तर सुमारे २६ मेगाबाइट. फ्लॉपीच्या दिवसांत त्याला अठरा फ्लॉपी लागल्या असत्या! आयफोनवर २०१७ पासून फोटो एचईआयसी नावाच्या रूपात निघतात आणि काही संगणकांवर वर्ड ते घेत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढचे फोटो जेपीईजीत येतात.

आणि पीडीएफ? वर्ड २०१३ पासून ती उघडतो खरी, पण मजकुरात रूपांतर करून. इनपेजची पीडीएफ अशी उघडली तर उर्दूचा पार चुराडा होतो. ती वाटच धरू नये.

राहिला हिरवा रंग. पडद्यावर तो चमकतो आणि कागदावर मलूल दिसतो, कारण पडदा तीन रंगांच्या प्रकाशाने चालतो आणि छापखाना चार शायांनी. पडद्यावरचा काही हिरवा त्या चार शायांत बसतच नाही. वर्डला छापखान्याचे रंग कळत नाहीत. चार शायांसाठी केलेली टिफ किंवा जेपीईजी त्याला दिली तर तो रंग बदलूनच दाखवतो. दोन रंगी बिलबुकासाठी हिरव्याची आणि काळ्याची वेगळी प्लेट लागते, तीही वर्ड वेगळी करून देत नाही. म्हणून छापखान्यात वर्डची फाइल देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. छपाईसाठी कोरलमधून कर्व्ह करून काढलेली पीडीएफ द्यावी आणि वर्डमधली प्रत रोजच्या पत्रांपुरती ठेवावी. दुकानाच्या पाटीचे तर नावच नको, कारण वर्डचे पान २२ इंचांपलीकडे जात नाही.

एक वाट आणखी आहे. पत्ता, फोन, मालाची यादी यांना चित्र कशाला हवे? आता उर्दू युनिकोडमध्ये थेट वर्डमध्ये टाइप होते. विंडोज ८ पासून 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालीक फॉन्ट उपलब्ध आहे. चित्र फक्त नावाचे ठेवावे, बाकी अक्षर अक्षरच राहू द्यावे.

डीटीपीवाल्याशी व्यवहार करताना पैसे चुकते करण्यापूर्वीच या फाइली मागून घ्याव्यात: मूळ सीडीआर, कर्व्ह केलेली पीडीएफ, ईएमएफ किंवा एसव्हीजी, आणि किमान २,००० ठिपके रुंदीची पारदर्शक पीएनजी. काही जण मूळ फाइल द्यायला नाखूश असतात, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून. त्यांची अडचण समजते, पण नाव आपल्या पेढीचे आहे. ठरवतानाच हे बोलावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. बहुतेक वेळा थोडे जास्त पैसे दिले की काम होते.

अत्तरवाल्या बांधवांच्या डीटीपीवाल्याकडे सुदैवाने मूळ फाइल एका जुन्या सीडीत सापडली. त्याने अर्ध्या तासात कर्व्ह करून ईएमएफ आणि पीडीएफ दिली, पैसेही घेतले नाहीत. नवे कागद गेल्या आठवड्यात छापून आले. त्यांनी एक आम्हांला आणून दिला. आम्ही भिंग लावून पाचही नुक्ते मोजले.