पंख्याची वीज आणि पृथ्वीचा ताप

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 43 अंशांच्या आसपास गेला की घराघरांत पंखे अहोरात्र फिरतात. त्यांच्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ऑनलाइन कार्बन कॅल्क्युलेटर क्षणात सांगतो. देशातली बहुतांश वीज कोळशाची. सोलापूरजवळच एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. जुन्या 75 वॉटच्या पंख्याऐवजी 30 वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा रोज 12 तास चालवला, तर महिन्याला 16 युनिट वीज, म्हणजे साधारण 11 किलो उत्सर्जन वाचतं. वाहनांचंही तसंच: एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, आपल्या दुचाकीचा हिशेब आता तुम्हीच मांडा.

पण घरापुरतं पाहून भागत नाही. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि एमआयटी यांचं ‘एन-रोड्स’ हे मोफत सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालतं. कोळसा, वाहनं, मिथेन, झाडं यांच्या पट्ट्या सरकवल्या की 2100 सालच्या जागतिक तापमानाचा अंदाज लगेच बदलतो. झाडांची पट्टी टोकाला नेली तरी आकडा थोडाच उतरतो. हे पाहून मन खट्टू होतं, पण कारण खरं आहे: रोपं वाढायला दशकं लागतात आणि जमीन मर्यादित आहे. कार्बन उत्सर्जनावर भरघोस किंमत लावली, तर मात्र आलेख ठळकपणे खाली येतो.

शिक्षकांनी संगणकाचा एक तास यासाठी जरूर द्यावा, आणि मुलांना घरचं वीजबिल सोबत आणायला सांगावं.